वहिनीच्या वाटचं ताक

पोट साफ होण्याबद्दल आमच्या घरात जेवढं बोललं जाई तेवढं देवाबद्दल बोललं जात नसे. बाबा सकाळी ओढ्याकडून तांब्या घेऊन परतले की आई चुलीपुढूनच विचारी, "झालं का?" बाबा "झालं" म्हणाले तर चहाचं आधण चढे. "नाय" म्हणाले तर चहा नाही. ओवा चुरडून टाकलेलं ताक, तेही उभ्याने प्यायचं, आणि पिऊन अंगणात फेऱ्या मारायच्या. पाहुण्यालाही सूट नव्हती. एकदा जमिनीच्या मोजणीला पोलादपूरहून एक माणूस आला होता, डोक्यावर काळी टोपी, काखेत कागद. ओटीवर रात्र काढून सकाळी उठला तर आईने त्यालाही तेच विचारलं. तो बिचारा बाबांच्या तोंडाकडे बघत राहिला. मी हे लिहिते आहे ते माझ्या नातसुनेला आवडलेलं नाही. ती म्हणते, आजी, लोक चांगल्या आठवणी लिहितात. मी म्हटलं, पोट बिघडलं की चांगल्या आठवणीही आठवत नाहीत, तू तुझं काम कर.

आमची वाडी पोलादपूरहून उमरठकडे जाताना वर डोंगराला चिकटलेली. आठ-दहा घरं, आणि प्रत्येक घरातला एक तरी माणूस मुंबईला. आमचा दादा, आईचा बाळा, गिरणीत होता. घरी आई, बाबा, मी आणि म्हैस. म्हशीला मी माणसांत धरते, कारण आई धरायची. उजाडायच्या सुमाराला रवीचा आवाज सुरू व्हायचा. मडक्यात आधी जड घुर्र घुर्र, आणि लोणी सुटायला लागलं की एकदम पातळ, खळखळ. रवीची दोरी माझ्या हातात. मी एका जागी बसणारी पोर नव्हते. चौथीनंतर माझी शाळा संपली, कारण पाचवी पोलादपूरला होती आणि मुलीला एवढं चालत कोण पाठवणार. तेव्हापासून पायांत मुंग्या शिरल्यासारखं व्हायचं. शंभर वेळा दोरी ओढायच्या आत मी तीनदा उठे, आणि आई वेणी धरून खाली बसवी. "बस की गो शेवंते, लोणी काय उभ्यानं निघतं?"

लोणी काढून झालं की वाडीतल्या बायका गाडगी घेऊन दाराशी येत. ताक विकायचं नाही, मागेल त्याला द्यायचं, असा रिवाज. विकलं तर म्हैस आटते म्हणत. पण आई फुकट देत असली तरी सहजासहजी देत नसे. आधी घरातल्या प्रत्येकाच्या पोटाची हकीकत सांगायची. कोणाचं पोट फुगलं असेल तर सुंठ, कोणाला ढेकरा येत असतील तर हिंग नि जिरं, म्हाताऱ्यांना खडा होत असेल तर हिरड्याची पूड नि सैंधव. शेजारची गंगूकाकी म्हणायची, "पारू, तुझ्याकडं ताक न्यायला येणं म्हंजे पोलीस पाटलाकडं जबानी द्यायला येणं." आई तिच्या गाडग्यात एक पळी कमीच ओतायची. आईला दागिने नव्हते, माहेर नव्हतं. ताक होतं. माझ्या ताकानं पोट सुटलं नाय असा एक माणूस दाखवा, असं ती चारचौघांत म्हणायची, आणि कोणाला दाखवता येत नसे.

मग आमच्या घरातच तसं माणूस आलं. दादाचं लग्न झालं. वहिनी महाडच्या बाजारपेठेतली, सातवी पास, वडील नव्हते, मामाने लग्न लावून दिलं. नाव विमल, आई म्हणायची इमल. दादा लग्नानंतर आठ दिवसांत मुंबईला परत गेला, तो आता शिमग्याला यायचा होता. वहिनी कामाला वाईट नव्हती. गोठा झाडायची, शेण काढायची, आणि माझ्या हातातली दोरी तिने आपणहून घेतली. एवढ्याचसाठी ती मला आवडली, उगीच खोटं कशाला सांगू. दुपारी ती गूळ बांधून आलेले कागद सरळ करून मला मोठ्याने वाचून दाखवी. अर्धी बातमी असे, पुढचा कागद दुसऱ्याच दिवसाचा. मग पुढे काय झालं असेल ते आम्ही दोघी ठरवत असू.

पण वहिनी जेवेना. एका भाकरीची अर्धी केली, अर्धीची चतकोर. पाणी तर पीतच नसे. तोंड उतरलं आणि पोट मात्र फुगलेलं. गंगूकाकीने पाणवठ्यावर जाहीर केलं की पारूच्या सुनेला दिवस गेले. दोन दिवस आई ताठ मानेने हिंडली. तिसऱ्या दिवशी वहिनी बाहेरची होऊन ओटीच्या कोपऱ्यात बसली, आणि आईने कपाळाला हात लावला. मग तिने वहिनीलाही तो प्रश्न विचारला. वहिनीने मान खाली घातली.

"किती दिस झालं?"

"चार-पाच."

"चार का पाच?"

"सहा," वहिनी म्हणाली.

आईचे डोळे चमकले. आता हे तिच्या हद्दीतलं काम होतं. सकाळी न्याहारीला ताकातली नाचणीची आंबील, दुपारी जेवणावर वाटीभर ताक, तिसऱ्या प्रहरी आणखी एक वाटी. वाटी वहिनीच्या हातात द्यायचं काम माझं. वहिनी वाटी घेई, "गोठ्यातलं आवरते नि पिते" म्हणे आणि आत जाई. रिकामी वाटी परत येई. आणि रोज सकाळी आईने विचारलं की वहिनीची मान खाली. आठ दिवस गेले. गंगूकाकी दाराशी गाडगं पुढे करून म्हणाली, "काय गो पारू, वाडीची पोटं सुटली नि घरचंच कुलूप तसंच?" त्या दिवशी आईने कोणालाच नीट ताक दिलं नाही. सगळा दिवस भांडी आपटली. मला जाता-येता उगीच दोन धपाटे मिळाले.

त्या दिवसापासून वहिनीच्या वाटीत हिरड्याची पूड पडू लागली, चांगली मूठभर, हात आखडता न घेता. मला बजावून ठेवलं की वहिनीला सांगायचं नाही. आमच्याकडे असं मानत की औषध सांगून दिलं तर लागू पडत नाही, पोटाला आधी कळतं आणि ते हटून बसतं. आता ह्या वयात मला डॉक्टर गोळीचं नाव, गुण, अवगुण सगळं सांगतात, आणि खरंच ती गोळी मला लागू पडत नाही. ते असो.

चौथ्या दिवशी रेडकू ढाळायला लागलं. दोन महिन्यांचं मादी रेडकू, आईचा जीव की प्राण. पाण्यासारखं ढाळत होतं, शेपटी भरलेली, डोळे आत गेलेले. आई त्याला जवळ घेऊन बसली. मी नेहमीप्रमाणे एका ठिकाणी बसवत नाही म्हणून दुपारी घराभोवती चकरा मारत होते, तर गोठ्याच्या मागच्या फटीतून दिसलं. आई पडवीत आडवी झाली होती आणि वहिनी रेडकापुढे वाटी धरून बसली होती. रेडकू चाटत होतं.

मी आत गेले. वहिनीच्या हातातली वाटी सांडली.

"वन्सं," ती म्हणाली. मी बारा वर्षांची, ती अठराची, पण रिवाज म्हणून मला अहो-जाहो करी, आणि आईला आत्या म्हणे. "वन्सं, आत्यांना सांगू नका. थोडंच घालते. मुक्या जिवाला ताक आवडतं."

"कवापास्नं?"

"पहिल्या दिवसापासून."

"अगो, त्यात हिरडा हाय!"

वहिनी पांढरी पडली. तिला खरंच माहीत नव्हतं. सांडलेल्या ताकापासून रेडकाचं तोंड तिने ओढून बाजूला घेतलं.

"तू का पीत नायस?" मी विचारलं.

"प्यायले तर जावं लागेल."

"मग जा की. सगळ्या जातात."

"सगळ्या जातात म्हणूनच," ती म्हणाली आणि रडायला लागली.

त्याचं असं होतं. बायका पहाटे उजाडायच्या आधी घोळक्याने ओढ्याच्या अंगाला जात. नव्या सुनेने एकटीने घराबाहेर पाय टाकायचा नाही, म्हणून ती घोळक्याच्या मधोमध. तिथे सगळ्या ओळीने बसत आणि वाडीतलं सगळं राजकारण तिथेच चाले. मला तर ती वेळ फार आवडायची. वहिनी म्हणाली, "महाडला आमच्या परसात संडासाला दार होतं वन्सं. आतून कडी होती. इथे गंगूकाकी शेजारी बसून विचारतात, काय गो, काल कालवण काय केलं होतंस. मला होतच नाही. मी नुसती बसते आणि तांब्या ओतून परत येते."

मला हसू आलं. ती रडत होती तरी मला हसू आवरेना. जगात कोणाला असं होत असेल हे मला माहीतच नव्हतं.

आम्ही ठरवलं की गप्प बसायचं, ताक उकिरड्यावर ओतायचं, रेडकू दोन दिवसांत सुधारेल. रेडकू सुधारलं नाही. ते उठेना, तर दूध प्यायला म्हशीखाली कसं जाणार? आणि रेडकू तोंड लावत नाही तोवर म्हैस पान्हा सोडेना. आईने म्हशीपुढे आंबोण ठेवलं, पाठ थोपटली, गाणं म्हटलं, तरी तिने लाथेने दुधाची कासंडी उडवली. तिसऱ्या दिवशी घुसळायला दहीच नव्हतं. सकाळी रवीचा आवाज नाही. बायका गाडगी घेऊन आल्या आणि रिकामी गाडगी घेऊन गेल्या. गंगूकाकीसुद्धा काही बोलली नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं. घरात कोणी कोणाशी नीट बोलेना. बाबा ओटीवरून अंगणात, अंगणातून ओटीवर. आई गोठ्यात जाई, रेडकाचं नाक बघे, बाहेर येई, परत आत जाई. मी ह्या दोघांच्या मधून धावत होते, आणि वहिनी भिंतीला टेकून, पोट धरून.

आईने वरच्या वाडीतल्या भगताला बोलावलं. त्याने सुपात तांदूळ टाकले, दाणे जोडीने मोजले आणि विचारलं, "घरात नवं काय आलंय?"

"सून," आई म्हणाली.

"मग मी कशाला बोलू?" भगत म्हणाला, आणि नारळ घेऊन गेला.

त्या संध्याकाळी आई बाबांना म्हणाली, "पोरगी नासकी दिली आपल्याला. खाल्लेलं जिरत नाय, पोटी काय राहायचं? आता म्हशीवर आलं, उद्या माणसावर यील. खालच्या घरातला धोंडू सकाळी महाडला जातोय. त्याच्यापाशी सांगावा देते. मामानं येऊन न्यावी. बाळा शिमग्याला येईल तवा त्याला सांगू, बरी झाली की आणू." बाबा म्हणाले, "बरी झाली की?" आईने कंदिलाची वात खाली केली. खालच्या वाडीत अशी एक 'बरी झाली की आणू' म्हणून माहेरी धाडलेली होती. सात पावसाळे झाले, तिला कोणी आणली नव्हती, आणि नवऱ्याने दुसरी केली होती. आतल्या चुलीपाशी वहिनीने हे सगळं ऐकलं. 

मला झोप लागली नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार केला. खरं सांगावं तर वहिनीने रेडकू मारायला घेतलं असं होईल, आई तिला धोंडूकाकाबरोबरच धाडील. न सांगावं तर ती पांढऱ्या पायाची ठरणार, आणि तरीही जाणारच. म्हणजे जाणं दोन्हीकडून. आणि ती गेली की दोरी परत माझ्या हातात, आणि गुळाचे कागद मुके. एवढाच माझा विचार होता, लोक म्हणतात तसं मन मोठं वगैरे काही नव्हतं.

सकाळी धोंडूकाका पिशवी घेऊन अंगणात उभा राहिला. आई पदर खोचून बाहेर आली, सांगावा द्यायला तोंड उघडलं, आणि मी मधे जाऊन म्हटलं, "आये, रेडकाला नजर नाय लागली. तुझा हिरडा लागलाय."

"काय?"

"वहिनीच्या वाटचं ताक रेडकानं प्यायलंय. पहिल्यापासनं."

आईचा हात वर गेला तो तसाच राहिला. ती वळली. वहिनी दारात उभी होती. आई तिच्याकडे चालत गेली. मला वाटलं आता हिला मारते. पण आईने तिच्या पोटाकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"ताकाला जाऊन गाडगं का लपवलंस गो? माझं ताक एवढं वाईट हाय?"

"ताक वाईट नाही आत्या," वहिनी म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून आईसमोर तिने एवढ्या मोठ्याने बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "मला माणसांत बसता येत नाही. मला लाज वाटते. माझं पोट हलतच नाही. मला घालवायचं तर घालवा, पण माझ्या पोटात खोट नाही."

अंगणात धोंडूकाका उभा. पुरुषमाणसासमोर हे सगळं. त्याने पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, "वैनी, मग महाडला सांगायचं काय?"

आईने पदर पुन्हा खोचला. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला आजही सांगता येणार नाही, पण मला वाटतं ती ताकाचाच विचार करत होती. ताक हरलं नव्हतं. ते प्यायलंच गेलं नव्हतं.

"सांग, सैंधव संपलाय," ती म्हणाली. "पावशेर आण."

धोंडूकाका गेला. आईने रेडकाला भाताची पेज सुरू केली. मग गंगूकाकीकडून तिच्या नुकत्याच व्यायलेल्या गाईचं ताक मागून आणलं. आई दुसऱ्याच्या दारात गाडगं घेऊन गेलेली मी तेवढी एकदाच बघितली. गंगूकाकीने आधी तिला विचारलं म्हणे, "कोणाचं पोट?" आणि आईने सगळं सांगितलं. ते ताक वहिनीने सगळ्यांसमोर उभ्याने प्यायलं. एक वाटी, दुसरी वाटी. आणि भर दुपारी, जेव्हा वाडी झोपलेली असते, आईने कोयता घेतला, तांब्या वहिनीच्या हातात दिला आणि आम्ही तिघी करवंदीच्या जाळ्यांकडे निघालो. कोणी विचारलं तर सरपणाची फाटी तोडायला चाललो म्हणून कोयता. मोठ्या जाळीमागे वहिनीला धाडून आई आणि मी पाठ फिरवून उभ्या राहिलो. ऊन मी म्हणत होतं. थोड्या वेळाने मागून बारीक आवाज आला, "आत्या, अजून थोडं लांब."

माझ्या आईला कोणी हुकूम केलेला मी कधी ऐकला नव्हता. बाबांनीसुद्धा नाही. ती माझा हात धरून दहा पावलं पुढे गेली.

"अजून लांब," आवाज आला.

आई आणखी वीस पावलं गेली आणि कोयता जमिनीवर ठेवून एका दगडावर बसली. मी पायांची चुळबुळ करत होते. आईने मला एक चापट मारली. "हल नको. तिला आवाज जातो."

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी वहिनी जाळीमागून आली ती चालण्यावरूनच कळलं. आईने विचारलं, "झालं का?" वहिनीने मान खाली न घालता "झालं" म्हटलं. त्या रात्री तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. रेडकूही पाचव्या दिवशी उठून म्हशीला ढुशा द्यायला लागलं, आणि म्हशीने पान्हा सोडला.

रोज दुपारी तिघींनी फाटीला जाणं किती दिवस चालणार? बाबांनी न बोलता कारवीच्या काठ्या तोडून आणल्या आणि परसाच्या टोकाला, हळदीच्या वाफ्यापलीकडे, खड्ड्याभोवती माणूसभर उंचीचा कुडाचा आडोसा उभा केला. पुढे काठ्यांचंच दार. वाडीत हसून हसून बायकांची पोटं दुखली. पारूनं सुनेसाठी देऊळ बांधलं म्हणे. वहिनीने दादाला स्वतःच्या हाताने पहिलं पत्र लिहिलं. मी वाचलं होतं. खुशालीच्या दोन ओळी आणि खाली, येताना महाडच्या बाजारातून एक लोखंडी कडी आणावी. दादाला काही समजलं नाही, पण शिमग्याला आला तो कडी आणि खिळे घेऊनच आला. पालखी नाचायच्या आधी त्याने ती दाराला आतून ठोकली.

वहिनीला पुढे चार मुलं झाली आणि ती पाच वर्षांपूर्वी त्याच घरात गेली. कोणी तिला कुठे धाडली नाही. आणि तेव्हा हसणाऱ्या त्याच बायका पुढे सकाळी ताक न्यायला आल्या की गाडगं दाराशी ठेवून "जरा येते हं" म्हणत आणि परसाकडे वळत. गंगूकाकी पहिली. आडोशाच्या बाहेर रांग लागू लागली, तेव्हा आई म्हणायची, ताकाला एवढी गर्दी कधी नव्हती.

त्याच साली शिमगा होऊन गेल्यावरची एक सकाळ. घरात रवीचा आवाज चालू होता. मी उठून परसात गेले तर दार बंद, आतून कडी. मी पायांवर नाचत होते. "वहिनी, आटप गो," मी दारावर थाप मारली. आत तांब्या खणखणला. मग आईचा आवाज आला.

"इमल दोरीवर हाय. तू हितं काय करतीस?"

मी तिथेच उभी राहिले. 

"शेवंते," आई आतून म्हणाली, "अजून लांब."